एकच वेबसाइट, तीन-चार डोमेन: बेळगावात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी टिळकवाडीत बसून लोकांच्या वेबसाइट करतो. कुंद्याची दुकानं, उद्यमबागेतले कारखाने, साडीवाले, एक-दोन मंगल कार्यालयं. रोज फोनवर तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदा लिहूनच टाकतोय. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाइप करतो तो. ही नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची असतात हे गृहीत धरा, इथं सगळं मराठीत लिहिलंय एवढंच.

एक वेबसाइट चांगली चालू आहे, मग दुसरं डोमेन कशाला घ्यायचं?

दुसऱ्या गावात हा प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडं नाही. आपल्या गावाचं स्पेलिंगच बघा की. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय झालं, त्याच्या आधी बी-ई-एल-जी-ए-यू-एम होतं, आणि पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक अजून तेच जुनं टाइप करतंय. बंगळूरचा माणूस नवं टाइप करतो. मराठी माणूस 'बेळगाव' ऐकून शेवटी ए-ओ-एन लावतो. आणि निम्मी पोरं नव्या स्पेलिंगमधला मधला 'ए' खातात. ज्यांनी दुकानाच्या नावात गाव घालून डोमेन घेतलंय त्यांचं गिऱ्हाईक चार वाटांनी येतंय, त्यातल्या तीन वाटा बंद. निपाणीवाल्यांचा घोळ म्हणजे पी एक की दोन, चिकोडीवाल्यांचा म्हणजे के एक की दोन.

तरी सगळी स्पेलिंगं विकत घेत बसू नका. एक मुख्य, एक जुनं किंवा नवं स्पेलिंग, फार तर एक डॉट इन. दरवर्षी रिन्यू करायला लागतंय, ते विसरायचं नाही.

म्हणजे वेबसाइट परत दुसऱ्यांदा बनवायची काय?

नाही ओ. दुकान एकच, पाट्या दोन. गल्लीच्या या तोंडाला एक पाटी लावली आणि त्या तोंडाला दुसरी, माणूस कुठनंही आला तरी त्याच गल्ल्यापुढं येऊन उभारणार. परत वेबसाइट करायचे पैसे कुणी मागत असेल तर दुसरा माणूस बघा.

'पॉइंट करणं' म्हणजे नेमकं काय होतं?

इथं जरा थांबून वाचा कारण निम्मे फोन हे न कळल्यामुळंच येतात. काम दोन ठिकाणी करायचं असतं आणि लोक एकाच ठिकाणी करून बसतात.

पहिलं काम डीएनएसमध्ये, म्हणजे जिथनं डोमेन घेतलं तिथल्या पॅनेलात. तिथं सांगायचं की हे नाव कुणी विचारलं तर अमुक आयपी नंबरावर, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावर, पाठव. दुसरं काम होस्टिंगवर, म्हणजे जिथं वेबसाइटच्या फाइली आहेत तिथं. तिथं सांगायचं की बाबा, या नावानं कुणी आलं तर ते आपलंच माणूस आहे, ही वेबसाइट दाखव.

दुसरं का लागतं? स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे मोठी चाळ, एकाच आयपीवर शेकड्यानं वेबसाइटी. पोस्टमन पत्र घेऊन चाळीपर्यंत बरोबर येतो, पण खालच्या नावांच्या फळीवर तुमचं नाव नसेल तर पत्र कुठल्या खोलीत टाकणार? ब्राउझर येताना कुठल्या नावासाठी आलोय ते सर्व्हरला सांगतो, सर्व्हर फळी बघतो, नाव नसलं की होस्टिंगवाल्याचं कोरं पान दाखवतो नाहीतर भलत्याचीच वेबसाइट उघडतो. एका मिठाईवाल्याचं नवं डोमेन उघडलं तर कुठल्यातरी जिमची साइट आली, मालक म्हणाले हॅक झालं, पोलिसात जाऊ. हॅक वगैरे काही नव्हतं, फळीवर नाव घालायचं राहिलं होतं, दोन मिनिटांचं काम.

फळीवर नाव घालायचं कुठं?

होस्टिंगला सीपॅनेल नावाचं कंट्रोल पॅनेल असेल तर जुन्यात 'एलियासेस' किंवा 'पार्क्ड डोमेन्स' असं दिसेल, नव्यात सगळं 'डोमेन्स' या एकाच पानावर आणलंय. नवीन डोमेन घालताना 'शेअर डॉक्युमेंट रूट' अशी टिक असते ती तशीच ठेवायची, म्हणजे तीच वेबसाइट दिसणार. टिक काढली तर वेगळं रिकामं फोल्डर तयार होतं, त्याला ॲडऑन डोमेन म्हणायचे, ते वेगळी वेबसाइट करायची असेल तर. ही टिक चुकली की 'साइट कोरी दिसायलीय' म्हणून फोन येतो.

ए रेकॉर्ड, सीनेम, नेमसर्व्हर. यातलं काय बदलायचं?

ए रेकॉर्ड म्हणजे नावापुढं सरळ आयपी नंबर. सीनेम म्हणजे नावापुढं दुसरं नाव, 'मला विचारू नका, त्याला विचारा'. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे अख्खा कारभारच दुसऱ्याच्या हातात देणं.

मी करतो ते असं: नुसत्या डोमेनला, पॅनेलात जिथं ॲटचं चिन्ह दिसतं तिथं, ए रेकॉर्ड. तीन डब्ल्यूवाल्याला सीनेम, मुख्य डोमेनच्या नावावर. नुसत्या डोमेनला सीनेम लावायला जाऊ नका, नियमात बसत नाही, कारण सीनेम जिथं असतो तिथं दुसरा रेकॉर्ड चालत नाही आणि नुसत्या डोमेनवर नेमसर्व्हरचे रेकॉर्ड असतातच. काही जण एलियास किंवा एनेम नावाची सोय देतात, क्लाउडफ्लेअर या डीएनएस सांभाळणाऱ्या कंपनीकडं सीनेम घातला तरी तो आतून आयपी शोधून देतो, तिथं चालतंय.

आणि तीन डब्ल्यूवालं आणि बिनडब्ल्यूवालं, दोन्ही घाला. एक घालून दुसरं विसरणं हा तर आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार आहे.

डोमेन एका कंपनीत, होस्टिंग दुसऱ्या कंपनीत. ट्रान्सफर करायला लागतंय का?

नाही. पॉइंट करायला ट्रान्सफरची काही गरज नाही. नवं डोमेन तर पहिले ६० दिवस शक्यतो हलवता येतही नाही.

आमच्या डोमेनवाल्याकडं 'फॉरवर्डिंग' असं बटण आहे, तेच दाबलं तर?

दाबा की. त्यानं या डोमेनवर आलेला माणूस आपोआप दुसऱ्या डोमेनवर जातो. दोन-तीन पानांची साइट असेल आणि होस्टिंगचा पासवर्डच सापडत नसेल तर तेच बरं. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

एक, 'मास्किंग' नावाचा पर्याय असेल तर तिकडं बघूसुद्धा नका. त्यात वर पत्ता नवा दिसतो आणि आत एका चौकटीत जुनी साइट उघडते. दिसायला भारी, पण कुठल्याही पानावर गेलं तरी वरचा पत्ता बदलत नाही, गिऱ्हाईक एखाद्या साडीची लिंक नवऱ्याला पाठवतं आणि नवऱ्याला पहिलं पानच दिसतं. मग घरात भांडण.

दोन, पर्मनंट निवडायचं, टेंपररी नाही. ते खाली सांगतो.

तीन, डोमेनच्या नावापुढं लिहिलेला पानाचा पत्ताही सोबत जातोय का बघा. एका हॉटेलवाल्यांनी टेबलावर क्यूआर कोड चिकटवले होते, त्यात जुनं डोमेन आणि पुढं मेन्यूचं पान. फॉरवर्डिंग लावल्यावर कोड स्कॅन केला की मेन्यूऐवजी पहिलं पान, तिथं मालकांचा हार घातलेला फोटो. लोक मेन्यू शोधायलेत आणि मालक हसायलेत. चाळीस स्टिकर परत छापायला निघाले होते, शेवटी होस्टिंगवर रीडायरेक्ट, म्हणजे आलेल्याला दुसऱ्या पत्त्यावर वळवायची सोय, लावून पुढचा पत्ता जसाच्या तसा नेला आणि स्टिकर वाचले.

३०१ आणि ३०२ म्हणजे काय?

३०१ म्हणजे पर्मनंट, दुकान कायमचं हललंय, इथनं पुढं नव्या पत्त्यावर या. ३०२ म्हणजे टेंपररी, रंगकाम चालू आहे, चार दिवस पलीकडं बसतोय. जास्तीच्या डोमेनला ३०१ लावायचं. फक्त एक ध्यानात ठेवा, ३०१ ब्राउझर लक्षात ठेवून बसतो, म्हणून चुकीच्या पत्त्यावर लावलं आणि मग दुरुस्त केलं तरी तुमच्या कॉम्प्युटरवर जुनंच होत राहील. मी पहिले दोन दिवस ३०२ लावून बघतो, सगळं बरोबर गेलं की ३०१ करतो.

रीडायरेक्ट कशाला? दोन्ही नावांवर साइट तशीच उघडू दे की.

उघडेल, काही आभाळ कोसळत नाही. गुगल यासाठी शिक्षा करतं असं जे सांगतात ते खरं नाही, तेच पान दोन पत्त्यांवर दिसलं की गुगल दोन्हीतला एक पत्ता खरा मानून घेतं. पण कुठला मानेल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि कुणी या पत्त्याची लिंक देतंय, कुणी त्या. शिवाय ऑनलाइन विक्री असेल तर जास्त घोळ: एका नावावर लॉगिन केलेला माणूस दुसऱ्या नावावर लॉगिन नसतो, त्यानं भरलेली कार्टही तिथं रिकामी दिसते, आणि पेमेंट गेटवेवाल्याला तुम्ही एकच डोमेन कळवलेलं असतं, दुसऱ्यावरनं पैसे भरायला गेलं की अडकतं. त्यापेक्षा एक पत्ता खरा, बाकी सगळे तिकडं ढकलायचे. काही कारणानं रीडायरेक्ट लावताच येत नसेल तर पानाच्या कोडमध्ये कॅनॉनिकल टॅग घाला, खरा पत्ता कुठला ते गुगलला सांगणारी ओळ.

आमची साइट वर्डप्रेसवर आहे, वेगळं काही करायला लागतंय का?

बहुतेक वेळा नाही, वर्डप्रेस स्वतःच 'सेटिंग्ज'मध्ये लिहिलेल्या पत्त्यावर माणसाला ढकलतंय. मात्र तो पत्ता उगीच बदलायला जाऊ नका. डीएनएस लागायच्या आधी तिथं नवं डोमेन टाइप करून सेव्ह दाबलं की तुम्ही स्वतःच बाहेर, लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही, मग रात्री अकराला मला फोन.

नव्या डोमेनवर 'नॉट सिक्युअर' येतंय, मुख्य डोमेनला तर कुलूप आहे!

कुलूप वेबसाइटला नसतं, नावाला असतं. हे कुलूप ज्यामुळं दिसतं त्या सर्टिफिकेटवर जी नावं लिहिलीत तेवढ्यांनाच ते चालतं, रेशन कार्डावर नाव नसलं तर धान्य नाही तसं. 'आम्ही तर रीडायरेक्टच करतोय, सर्टिफिकेट कशाला' असं वाटतं खरं, पण ब्राउझर आधी कुलूप तपासतो, मग रीडायरेक्ट ऐकतो. कुलूप नसलं की लाल पान दाखवून तिथंच थांबतो, रीडायरेक्टपर्यंत पोचतच नाही.

पैसे घालायची गरज नाही. लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट आहे, एका सर्टिफिकेटवर १०० पर्यंत नावं बसतात, नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि होस्टिंगवाला आपोआप नवीन काढतो. फक्त डीएनएस आधी लागलेलं पाहिजे, त्याशिवाय मिळत नाही. म्हणून क्रम असा: आधी होस्टिंगवर नाव, मग डीएनएस, मग सर्टिफिकेट, शेवटी रीडायरेक्ट.

किती वेळ लागतो? २४ तास, ४८ तास, खरं काय?

ए रेकॉर्ड बदलला असेल तर त्याच्यापुढं टीटीएल म्हणून सेकंदातला आकडा असतो तेवढा. ३६०० असेल तर तास. ज्यांच्याकडं जुनं उत्तर साठवलंय ते तेवढा वेळ जुनंच धरून बसतात. म्हणून बदलायच्या आदल्या दिवशी तो आकडा ३०० करून ठेवा, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत काम. ४८ तास हे नेमसर्व्हर बदलतानाचं आहे, डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर तो आकडा १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. एकदम कोरं डोमेन असेल तर कुणाकडं काही साठवलेलंच नसतं, बऱ्याचदा चहा संपायच्या आत लागतं.

वायफायवर नवी साइट दिसते, मोबाइल डेटावर मात्र जुनंच पान. असं का?

यावर मी एकदा अख्खी दुपार घालवलीय. कॅम्पातल्या एका गिऱ्हाइकाकडं ऑफिसात सगळं बरोबर, मालक बाहेर गाडीत बसले की डोमेनवाल्याचं जाहिरातीचं पान. कॅशे साफ केला, फोन बंद-चालू केला, दुसरा फोन आणला, तेच. शेवटी पॅनेलात खाली स्क्रोल केलं तर ए रेकॉर्डच्या खाली एक चार ए-वाला रेकॉर्ड, म्हणजे आयपी व्हर्जन सिक्सचा पत्ता, डोमेनवाल्यानं आधीपासून घातलेला. मोबाइल कंपन्यांचं नेट आता बऱ्यापैकी व्हर्जन सिक्सवर चालतं, फोन तो पत्ता आधी धरतो. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर व्हर्जन सिक्स नव्हतं म्हणून तिथं बरोबर दिसत होतं. तो रेकॉर्ड उडवला, झालं. ए बदलताना चार ए आहे का बघाच.

डोमेन पॉइंट केलं आणि इमेल बंद पडलं!

नेमसर्व्हर बदलला असणार. वर म्हटलं ना, अख्खा कारभार दुसऱ्याच्या हातात जातो. मेल कुठं न्यायचं ते एमएक्स रेकॉर्डात असतं, नव्या ठिकाणी तो रेकॉर्ड कुणी लिहिलेलाच नसतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत असंच झालं, आधीच्या कुणीतरी शनिवारी नेमसर्व्हर बदलला, सोमवारी दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात नाही, आणि पुण्याच्या पार्टीची कास्टिंगची इन्क्वायरी त्यातच परत गेली. मालक मला म्हणाले, 'वेबसाइट नसली तरी चालली असती हो'. खरंच होतं ते.

म्हणून ज्या डोमेनवर मेल चालू आहे त्याचा नेमसर्व्हर बदलू नका, फक्त ए रेकॉर्ड बदला. बदलायलाच लागला तर आधी सगळ्या रेकॉर्डांचा फोटो काढून ठेवा, एमएक्स आणि त्या लांबलचक टेक्स्ट रेकॉर्डांसकट.

जास्तीच्या डोमेनवर मेल नकोच आहे, मग?

मग तसं लिहून ठेवा, नाहीतर तुमच्या नावानं दुसराच कुणी खोटी बिलं पाठवेल. एक टेक्स्ट रेकॉर्ड घालायचा, एसपीएफचा, 'माइनस ऑल'वाला, त्याचा अर्थ या नावानं कुणीच मेल पाठवत नाही, आलं तर खोटं समजा.

मराठीत डोमेन मिळतं का? आणि कन्नडमध्ये?

मिळतं. डॉट भारत देवनागरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये आलं, म्हणजे आपल्या गावाचं सरकारी स्पेलिंग बदलायच्या दोनेक महिने आधी. कन्नड लिपीतलंही भारत आहे. आतून ते सगळं इंग्रजी अक्षरांतच जातं, एक्स-एन आणि दोन डॅश लावून पुढं काहीतरी अगम्य, त्याला प्युनीकोड म्हणतात. होस्टिंगच्या पॅनेलात देवनागरी घेत नसेल तर ते अगम्य नाव घालायचं, बाकी सगळं वरच्यासारखंच. पाटीवर मराठी पत्ता छान दिसतो, पण त्यावरचं मेल बऱ्याच ठिकाणी अजून घेत नाहीत, म्हणून मुख्य डोमेन इंग्रजीच ठेवा.

एक आयडिया सांगतो, दुकानाच्या पाटीवर जशा दोन-तीन भाषा असतात तसंच इथंही करता येतं: कन्नड लिपीतलं डोमेन साइटच्या कन्नड पानावर रीडायरेक्ट करा, मराठी डोमेन मराठी पानावर. गोकाकहून आलेल्या माणसाला करदंटाचा (तिकडची मिठाई) दर त्याच्या भाषेत दिसला की तो खूश.

जुन्या स्पेलिंगचं डोमेन सोडून नवं मुख्य करायचंय. गुगलवरचा नंबर जाईल का?

थोडे दिवस वर-खाली होईल. प्रत्येक जुन्या पानाचं ३०१ त्याच नव्या पानावर लावा, सगळी पानं उचलून पहिल्या पानावर टाकू नका. वेबसाइटवाल्यांसाठी गुगलचं सर्च कन्सोल असतं, त्यात 'चेंज ऑफ ॲड्रेस' म्हणून सोय आहे ती वापरा, नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीतही नवा पत्ता घाला. रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवा असं गुगल स्वतःच सांगतं. मी म्हणतो कायम ठेवा.

शेजारच्या दुकानाच्या नावाचं डोमेन मोकळं आहे, घेऊन आमच्याकडं वळवलं तर?

मला सांगू नका, मी करणार नाही. डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉमसाठी यूडीआरपी अशा तक्रारीच्या वाटा आहेत, दुसऱ्याचं नाव वाईट हेतूनं घेतलं असं ठरलं की डोमेन काढून त्यालाच देतात. तुमचे पैसे गेले, वर गावात तोंड दाखवायची पंचाईत.

डोमेन कुणाच्या नावावर घ्यायचं?

तुमच्या. भाच्याच्या नाही, माझ्याही नाही. भाचा आता दुबईत, त्याचा जुना इमेल बंद, ओटीपी तिकडं जातोय आणि रिन्यूची तारीख परवा, असं मी दोनदा बघितलंय. इमेल आयडी असा द्या जो या डोमेनवर अवलंबून नाही, नाहीतर डोमेन बंद पडलं की ते चालू करायचा मेलही त्याच बंद डोमेनवर येणार.

एखादं डोमेन नको झालं तर सोडून दिलं चालतंय का?

आधी घरात बघा ते कुठं कुठं छापलंय. कुंद्याचे बॉक्स, कॅरीबॅग, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, टेंपोच्या मागचं रंगवलेलं. डॉट कॉम मुदत संपल्यावर लगेच मोकळं होत नाही, मध्ये काही दिवस जादा पैसे भरून परत घेता येतं, पण एकदा सुटलं की कुणीही उचलतं. एका साडीवाल्यांचं सुटलेलं नाव पुढं पत्त्यांच्या जुगाराच्या साइटला लागलं, आणि लग्नाच्या पिशव्या अजून गावभर फिरायलेत, त्यावर तोच पत्ता. छापील माल संपेपर्यंत रिन्यू करत राहा. एकदम दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात, विसरभोळे असाल तर तेवढे भरूनच टाका.